भोंगा थांबला, हात थांबू देऊ नका

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आपल्या मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडची कितीतरी माणसं त्यांत होती. संप लांबला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि मनिऑर्डर पाठवणारे हात ट्रंक घेऊन गावी परतले. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच पाहिलं. नोकरी सुटून घरी आलेल्या अशा माणसासाठी आजच्या चार गोष्टी.

पडवीवर बसून तो म्हणतो, "भोंगो वाजल्याशिवाय माका उठूक जमणा नाय." शेजारी त्याला आळशी ठरवतात. पण वीस वर्षं ज्यानं पाळी चुकवली नाही, तो आळशी कसा? तिथं भोंगा उठवायचा, जॉबर काम सांगायचा, हजेरी लागायची आणि ठरल्या तारखेला पगार व्हायचा. हे चारही आधार एकदम गेले की उमेद खचते. तेव्हा उमेद येईल म्हणून वाट बघू नका. आधी हे चार आधार घरीच उभे करा.

१. वेळ : सकाळी सात ते अकरा शेतात, ऊन उतरल्यावर दोन तास. उद्याचं काम रात्रीच ठरवा, आणि संपेल एवढंच ठरवा. 'बाग करायची' हे काम संपत नाही. 'दोन खड्डे मारायचे' हे संपतं.

२. सांगणारा : तो घरातच आहे. तुम्ही मुंबईला असताना तरवा, लावणी, गुरंढोरं घरकारणीनं सांभाळली. कुठल्या कुणग्यात ओल राहते, हे तिला ठाऊक. पहिलं वर्ष तिला विचारून करा. यात कमीपणा कसला? नव्या खात्यात गेल्यावर जुन्या कामगाराला विचारत होताच ना! आणि भगिनींनो, "तुमका काय कळता?" असं म्हणू नका. शिकवा.

३. हजेरी : एक वही घाला. रोज केलेलं काम, झालेला खर्च, आलेला पैसा लिहा. महिनाअखेर वही वाचलीत की 'मी काहीच करत नाही' हा समज आपोआप जाईल.

४. पगार : इथंच पुष्कळांचा धीर सुटतो. फंडाचे पैसे एकदम घरबांधणीत किंवा मोठ्या बागेत घालू नका. पैसा तीन टप्प्यांत येईल अशी आखणी करा. पाण्याची सोय असेल तर परसात लाल माठ घाला. तो महिनाभरात काढणीला येतो. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ, चवळी घ्या. आणि भरडावर काजू.

काजूला उन्हाळ्यातच ६० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डे मारून ठेवा. अंतर ७ मीटर. एकरी सुमारे ८० कलमं बसतात. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची खात्रीची कलमं पावसाच्या सुरुवातीला लावा. वेंगुर्ला-७ ची बी साधारण १० ग्रॅमची, म्हणजे शंभर बियांचा किलो! कलमाला काठीचा आधार द्या. जोडाखालचे फुटवे काढत राहा, नाहीतर जंगली झाड वाढेल. पहिल्या वर्षी आलेला मोहोर खुडा. तिसऱ्या वर्षापासून फळ दिसू लागेल. तोवर मधल्या जागेत नाचणी, भाजी घ्या. सगळी जमीन एकदम नको. यंदा दहा कलमं जगवा, पुढच्या वर्षी वीस लावा.

अडचण आली तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला, किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात विचारा.

'मुंबईसून परत इलो' म्हणून कुणी हसेल. हसू दे. तुम्ही हात घेऊन परत आलात, आणि त्या हातांना कामाची सवय आहे. उद्या सकाळी सात वाजता कुठं जायचं, तेवढं आज रात्री घरकारणीशी बोलून ठरवा.