ठेवीदारांचा वकील

(देवपूर, धुळे येथील व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



वकिलीचे फौजदारी, दिवाणी, महसुली हे प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. फसवल्या गेलेल्या गुंतवणूकदारांची बाजू मांडणे हेही एखाद्या वकिलाचे जीवितकार्य होऊ शकते, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. या व्यवसायाचे स्वरूप, त्यातील मोह आणि खानदेशाला असलेली त्याची निकड, यांचा आज विचार करावयाचा आहे.

आपल्या धर्मशास्त्राने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानानंतर लगेच निक्षेप, म्हणजे ठेव येते. कौटिल्यानेही उपनिधीचा स्वतंत्र विचार केला आहे. विश्वासाने सोपवलेले धन हा न्यायाचा विषय आहे, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. आज बदलले आहे ते प्रमाण. पूर्वी ठेवणारा एक, ठेवून घेणारा एक आणि दोघेही बहुधा एकाच गावचे. आज ठेवून घेणारा एक आणि ठेवणारे हजारो. प्रत्येकाचे नुकसान त्याच्या संसारापुरते जीवघेणे असते. पण एकट्याने न्यायालयात वर्षानुवर्षे लढण्याचा खर्च त्यातून निघत नाही. फसवणाऱ्याचे खरे बळ या विखुरलेपणात आहे. म्हणून या क्षेत्रातील वकिलाचे पहिले काम युक्तिवादाचे नसून माणसे एकत्र आणण्याचे असते.

अमेरिकेने त्यासाठी सामुदायिक दाव्याचा मार्ग काढला. एन्रॉन हे नाव दाभोळमुळे महाराष्ट्राच्या कायमचे लक्षात राहिले आहे. ही कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. विल्यम लेराक या वकिलाने कॅलिफोर्निया विद्यापीठाला मुख्य वादी करून समभागधारकांचा दावा चालवला आणि एन्रॉनला साहाय्य केल्याचा आरोप ठेवून बड्या बँकांनाही त्यात प्रतिवादी केले. वसुली झाली ती ७ अब्ज डॉलरहून अधिक. तेथे असे वकील आधी शुल्क घेत नाहीत, वसुलीतला वाटा घेतात. या एका खटल्यात न्यायालयाने वकिलांसाठी सुमारे ६८ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले.

परंतु या कथेचा शेवट निराळा आहे. दावा दाखल करण्याच्या शर्यतीत पुढे राहण्यासाठी लेराकच्या जुन्या वकिली संस्थेने काही वादींना गुपचूप पैसे दिले होते. २००७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. फसवणुकीविरुद्ध उभे आयुष्य लढलेला माणूस न्यायालयाची फसवणूक केल्यामुळे कारागृहात गेला. विखुरलेल्यांना एकत्र आणण्याचे काम तेथे लोभाने केले, आणि त्याच लोभाने ते नासवले.

आपल्या बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला निकालावर अवलंबून असलेले शुल्क किंवा वसुलीतला वाटा घेण्यास मनाई केली आहे. हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे गरीब ठेवीदाराचा खटला कोणी हाती घ्यावा, हा प्रश्न उरतो. ‘सत्यम’चा घोटाळा जानेवारी २००९ मध्ये उघड झाला. त्या कंपनीने अमेरिकेतील दाव्यात तेथील गुंतवणूकदारांना साडेबारा कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. भारतातील भागधारकांसाठी तसा कायदेशीर मार्गच तेव्हा नव्हता. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम २४५ आले आणि २०१६ मध्ये ते अमलात आले. आता भागधारक किंवा ठेवीदार ठरावीक संख्येने एकत्र येऊन कंपनीविरुद्ध दाद मागू शकतात.

पण पतसंस्था म्हणजे कंपनी नव्हे, आणि खानदेशाची जखम पतसंस्थांची आहे. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेच्या संस्थापकाला २०१५ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी अवसायक नेमला गेला. २०२० मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने अवसायकाच्या कारभाराचीच चौकशी आरंभली. अडचणीतील ठेवीदारांच्या पावत्या अल्प किमतीत घेऊन त्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण रकमेने वळत्या केल्या, असा आरोप झाला. न्यायालय त्याचा निर्णय करील. परंतु औषधपाण्यासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी हातची पावती मातीमोलाने देणाऱ्या वृद्धाला ‘थांबा’ असे सांगणारा वकील वेळेवर भेटला पाहिजे, हे त्यातून कळते.

अशा वकिलाच्या हाती साधने आहेत. महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, ज्याला न्यायालयात ‘एमपीआयडी’ म्हणतात, कसूर करणाऱ्या वित्तीय संस्थेची मालमत्ता जप्त करून, विकून, ठेवीदारांना प्रमाणशीर वाटण्याची तरतूद करतो. दोषी ठरल्यास सहा वर्षांपर्यंत कारावास आहे. या कायद्याच्या वैधतेवर दीर्घ वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. एप्रिल २०२२ मध्ये ‘नॅशनल स्पॉट एक्स्चेंज’च्या सुमारे ५,६०० कोटींच्या प्रकरणातही त्याच न्यायालयाने हा कायदा लागू होतो असे सांगितले. ग्राहक न्यायालयाचे दारही ठेवीदाराला उघडे आहे.

कायदा आहे, पण तो आपणहून चालत नाही. पावत्यांच्या प्रती जमवणे, मूळ पावती कोणाच्याही हाती न देणे, जप्त न झालेल्या मालमत्तेची माहिती सक्षम प्राधिकाऱ्याला पुरवणे, लिलावाच्या किमतीवर लक्ष ठेवणे, प्रत्येक तारखेला हजर राहणे, हे कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे करावे लागते. एकटा वकील त्यात थकतो. त्याच्या पाठीशी ठेवीदारांचा संघटित समूह असेल तर खर्च वाटला जातो आणि वकिलाला वसुलीतल्या वाट्याचा मोहही पडत नाही. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीच्या रूपाने हेच सूत्र १९७०च्या दशकात मांडले होते: एकटा ग्राहक दुबळा, संघटित ग्राहक समर्थ.

पांझरेकाठच्या या देवपुरात सेवानिवृत्त शिक्षक आहेत, बँकांतून निवृत्त झालेले हिशेबनीस आहेत, कायद्याचे विद्यार्थीही आहेत. शिक्षकांनी याद्या कराव्यात, हिशेबनिसांनी ताळेबंद तपासावेत, तरुण वकिलांनी आठवड्यातील एक सायंकाळ ठेवीदारांसाठी राखावी. जेथे लोभ माणसे एकत्र आणतो तेथे शेवट कसा होतो, हे लेराकच्या उदाहरणाने दाखवले आहे. सेवाभावाने तीच माणसे एकत्र आणणे आपल्याला शक्य आहे, आणि ठेवीदाराचे वय पाहता त्याला उशीर परवडणारा नाही.