समीक्षकाने हिशेबही विचारावा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

नाट्यपरीक्षण आणि कलावंतांची चरित्रे हा विषय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. माझे उत्तर साधे आहे. ज्यांनी महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या हसवले आणि रडवले, तीही राबणारी माणसेच होती. मात्र त्यांच्या राबण्याला आपण ‘कलासेवा’ असे गोंडस नाव दिले आणि त्याचा हिशेब विचारणे सोडून दिले. तो विचारणे हे समीक्षकाचे कर्तव्य आहे.

आपल्याकडे नटनट्यांची चरित्रे बहुधा दोन तऱ्हांनी लिहिली जातात. एक आरतीची, दुसरी पंचनाम्याची. पहिलीत कलावंत देव होतो, दुसरीत त्याची व्यसने आणि प्रकरणे चव्हाट्यावर येतात. दोहोंतही त्याचा व्यवसाय दिसत नाही. परीक्षणकर्ता मात्र पहिलीला ‘हृद्य’ आणि दुसरीला ‘प्रांजळ’ असे प्रशस्तिपत्र देऊन मोकळा होतो.

बालगंधर्वांचेच उदाहरण घ्या. १९११ साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांच्या कन्येचे निधन झाले आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही कथा आपण सारे ऐकत आलो आहोत. ती ऐकून डोळे पाणावतात आणि आपण तेथेच थांबतो. समीक्षकाने थांबू नये. प्रयोग रद्द करणे एखाद्या नटाला शक्य होते काय? नाटक मंडळी म्हणजे एक मोठे बिऱ्हाडच असे. पडदा ओढणाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत किती जणांची चूल त्या रात्रीच्या तिकिटांवर पेटत होती? १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्या भरजरी शालूंची आणि अत्तरांची वर्णने चरित्रांतून भरभरून येतात, पुढच्या कर्जाचीही येतात. पण त्या कर्जाच्या काळात पडद्यामागच्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न परीक्षणांत क्वचितच आढळतो.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट याहून दाहक आहे. प्रयोग चालू असता त्या प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर गेल्या, असे सांगतात. या प्रसंगाला कलानिष्ठेचा परमोत्कर्ष मानून टाळ्या वाजवल्या जातात. मित्रहो, मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्यानंतर सहा वर्षांनी विठाबाई जन्मल्या. गिरणीतल्या बाईला जी रजा कायद्याने मिळाली, ती फडातल्या बाईपर्यंत पोहोचली नाही, हे या प्रसंगाचे खरे वाचन आहे. विठाबाईंचे धैर्य त्याने उणे होत नाही. उणे होतो तो टाळ्या वाजवणारा समाज.

हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली पुस्तकरूपाने आले. त्यातील मोकळेपणाची चर्चा फार झाली. पण कोवळ्या वयात कामाला जुंपलेल्या मुलीच्या कमाईवर घर उभे होते आणि त्या कमाईवर हक्क इतरांचा होता, हा त्या पुस्तकाचा कणा आहे. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्यावरून ‘भूमिका’ हा चित्रपट केला, तेव्हा तो कणा अनेकांच्या ध्यानात आला. पुस्तकाच्या समीक्षकाला तो आधीच दिसायला हवा होता.

याचा अर्थ असा नव्हे की, जमाखर्च मांडला म्हणजे कला कळली. बालगंधर्वांच्या स्वराचा उलगडा कर्जाच्या वहीतून होणार नाही, की विठाबाईंची लावणी मजुरीच्या दरातून. ज्याला सुरातला आणि अभिनयातला फरक कळत नाही, त्याने केवळ सामाजिक आशयाच्या भांडवलावर परीक्षण लिहू नये. कसब ओळखता आले, तरच त्या कसबाची किंमत कोणी चुकती केली नाही हे सांगता येते.

हीच कसोटी नाटकाच्या परीक्षणालाही लागू आहे. निर्मात्याने दिलेल्या पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसून लिहिताना, मागे दिवसाची मजुरी मोडून तिकीट काढणारा माणूस बसला आहे, याचे भान सुटता कामा नये. आणि येथे आपल्याच साप्ताहिकांना एक गोष्ट सांगणे भाग आहे. नाटकाचा विचार आपला असला म्हणून त्याचा सैल दुसरा अंक घट्ट होत नाही. दलितांच्या दुःखावरचे नाटक ढिसाळ असेल, तर ते ढिसाळ आहे असेच लिहिले पाहिजे. त्या दुःखाला चांगल्या नाटकाचा हक्क आहे. आपल्या माणसाला सवलतीचे गुण देणे ही त्याची कदर नव्हे, ती त्याच्याविषयीची अनास्था आहे.

तेव्हा यापुढे एखाद्या कलावंताचे चरित्र आपल्या हाती परीक्षणासाठी आले, तर चार प्रश्न कागदावर लिहून मगच वाचायला बसा. या माणसाचे कसब नेमके कशात होते? ते त्याने कोणाकडून घेतले? त्याच्या कमाईवर कोण जगले? आणि आवाज वा शरीर थकल्यावर त्याला कोणी सांभाळले? पुस्तकात उत्तरे नसतील, तर ती नाहीत असे परीक्षणात स्पष्ट लिहा. पुढचा चरित्रकार ती शोधायला निघेल.