‘कै.’ लावायचं का?



“बाबा काय करतात?” या प्रश्नाला मी चौदाव्या वर्षापासून हवी तशी उत्तरं दिली. कधी “बाहेरगावी असतात”, कधी नुसतंच “नाहीत”. 2010 साली माझे बाबा इंदूरच्या आमच्या घरातून नेहमीसारखे कामावर निघाले आणि परत आलेच नाहीत. चिठ्ठी नाही, भांडण नाही, अपघाताची खबर नाही.

वडील वारले की लोक भेटायला येतात, तेरावा होतो, मुलाला रडता येतं. मला रडायची भीती वाटायची. मी रडलो म्हणजे बाबा गेले असं मीच ठरवलं, असं वाटे. पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधक आहेत. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा त्यांनी 1970 च्या दशकात अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, अशा घरातलं माणूस कमकुवत नसतं, परिस्थितीच अधांतरी असते. हे मी फार उशिरा वाचलं.

घर मात्र बदलत राहिलं. आम्ही मामाकडे राहायला गेलो, आईने डबे सुरू केले, सकाळी शाळेआधी ते पोचवणं माझ्याकडे आलं. त्या कामाने मला सावरलं, खरं सांगतो. आईला मात्र संक्रांत जड जायची. हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नाही, हेच बायकांना कळेना. हळूहळू बोलावणी थांबली. पितृपक्षात आजी बजावायची, “जिवंत माणसाचं पान वाढत नाहीत.”

आता थोडं कायद्याचं, कारण अशी घरं त्यात फार चाचपडतात. सात वर्षं जवळच्या माणसांना ज्याची काहीच खबर नाही, तो जिवंत आहे असं जो म्हणेल त्याने ते सिद्ध करायचं असतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आहे. पण सात वर्षं भरली म्हणून दाखला आपोआप घरी येत नाही. पोलिसांतली नोंद जपून ठेवा. आणि विम्याचे हप्ते थकवू नका. मृत्यू गृहीत धरला, तरी तो बेपत्ता झाल्याच्या दिवशीच झाला असं धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितलंय. मधल्या काळात पॉलिसी बंद पडली तर पैसे अडकतात. पासपोर्टचं सोपं झालंय, 2016 च्या अखेरीपासून आई-वडिलांपैकी एकाचं नाव पुरतं.

सात वर्षांनी आई कोर्टात जायला निघाली, तेव्हा आजी म्हणाली, “माझ्या पोराला कागदावर मारतेस?” चार महिने दोघी बोलल्या नाहीत. मी 21 वर्षांचा होतो. आजीला एवढंच म्हणालो, “कागद बँकेसाठी आहे, आजी. तू वाट बघ. मीही बघतो.” निकाल लागला. आईने कुंकू पुसलं नाही, आणि त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढे ताईचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर घेताना छापखानेवाल्यांनी विचारलं, “वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लावायचं का?”

मी आईकडे बघितलं, आईने आजीकडे.

आजी म्हणाली, “नुसतं नाव छापा. आणि अक्षर जरा मोठं घ्या.”