बातमीचा धनी कोण?

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



'बातम्यांवरचा विश्वास उडाला आहे का?' हा आजचा विषय. आपण इंदूरकर मराठी मंडळी हा प्रश्न रोजच एकमेकांना विचारतो. सकाळचा पेपर 'सगळे विकले गेलेत' म्हणून बाजूला सारतो, संध्याकाळी वाहिन्यांवरची आरडाओरड बंद करतो, आणि रात्री मोबाइलवर जे येईल ते मात्र निवांत वाचतो, वर चार जणांना पुढे पाठवतो. छापणाऱ्याचे नाव-गाव ठाऊक असलेल्या पेपरवर आपला विश्वास नाही आणि कुणी लिहिले हे कुणालाच ठाऊक नसलेल्या मजकुरावर आहे. हे असे का झाले, याचा आज विचार करू.

गणेशोत्सव आहे, तेव्हा सुरुवात लोकमान्यांपासून. 'केसरी' निघाला १८८१ साली. पुढच्याच वर्षी त्याच्या संपादकांना तुरुंगात जावे लागले, ते राजद्रोहासाठी नव्हे. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याबद्दल 'केसरी' आणि 'मराठा' यांनी तिथले कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकच लिहिले.

आजच्या भाषेत बोलायचे तर ती 'फेक न्यूज' होती, आणि छापली होती कुणी, तर टिळक-आगरकरांनी! पण लोकांनी त्यांना टाकले नाही. सुटून आले तेव्हा त्यांचे जंगी स्वागत झाले. चूक कुणाच्याही हातून होते. लोकांनी पाहिले ते हे, की या दोघांनी चुकीची जबाबदारी घेतली आणि शिक्षाही भोगली. छापलेल्या शब्दाला धनी होता.

हा धनी शोधणे वाचकाला सोपे जावे अशी सोयही होती. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले होते. सरकारचा हेतू अर्थातच लेखणीवर नजर ठेवण्याचा होता. पण शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली ती बारीक अक्षरांतली ओळ वाचकाच्याही उपयोगाची ठरली. आपल्या इंदुरात 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते मराठी घरातले. पेपर हिंदी, पण तो कुणाच्या नावावर उभा आहे हे घराघरांत ठाऊक होते.

मग हा विश्वास गेला कुठे? तो वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी स्वतःच्या हाताने घालवला, हे मान्य केले पाहिजे. २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रात एकाच उमेदवाराची स्तुती, शब्द न् शब्द तीच, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत छापून आली. पैसे घेऊन छापलेली जाहिरात बातमीच्या वेषात आली होती. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने नावांसकट अहवाल दिला, पण २०१० साली कौन्सिलने प्रसिद्ध केला तो छाटून. पूर्ण अहवाल लोकांसमोर आला तो पुढच्या वर्षी, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, आणि तोही इंटरनेटवर. २०१६ साली नोटाबंदीच्या वेळी दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप बसवली आहे ही मोबाइलवरची अफवा काही वाहिन्यांनी बातमी म्हणून दाखवली. पेपरखाली नाव होते, वाहिनीवर चेहरा होता. पण शब्दाची जबाबदारी कुणी घेतली नाही.

विश्वास उडाल्यावर आपण मोबाइलकडे वळलो. तिथे जबाबदारीही नाही आणि नावही नाही. याची किंमत काय, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला दिसले. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गावात आले होते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. त्या दिवसांत देशभर फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेने ती जनजागृतीसाठी बनवली होती. शेवटी मूल परत आणून दिले जाते आणि संदेश दिसतो. कुणीतरी नेमका तेवढाच भाग कापला. धनी पुसला आणि चित्रफीत मोकाट सोडली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ते पाच जण मात्र गेले ते गेलेच.

पण म्हणून इंटरनेटवरचे सगळेच टाकाऊ, असे आमचे म्हणणे नाही. आपोआप येऊन पडणारा मजकूर वेगळा आणि ऑनलाइन पत्रकारिता वेगळी. बुंदेलखंडातल्या ग्रामीण स्त्रियांनी २००२ साली चालू केलेले 'खबर लहरिया' छापील पत्र होते, आज ते मोबाइलवर चालते. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'परी'वर गावाकडच्या माणसांच्या हकिगती मराठीतूनही वाचायला मिळतात. २०१७ पासून 'ऑल्ट न्यूज' अफवांचा छडा लावते आहे. यांचे सगळेच म्हणणे पटेल असे नाही. पण लेखाखाली नाव असते, तारीख असते, चूक दाखवायला पत्ता असतो. म्हणजे शेवटच्या पानावरची ती जुनी ओळ इथेही सापडते.

तेव्हा कागद की मोबाइल, हा प्रश्नच नाही. कुठलीही बातमी आली की तीन गोष्टी पाहाव्यात. लिहिणारा कोण? केव्हाची आहे? आणि चूक निघाली तर दुरुस्ती छापणारे हे लोक आहेत का? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर ती बातमी आपल्यापाशीच थांबवावी.

चौथी गोष्ट पैशाची. पेपर छापायला जेवढा खर्च येतो तेवढी त्याची किंमत नसते. उरलेला भार जाहिरातदार उचलतो, आणि त्यात सरकारही असते. ऑनलाइन तर आपण काहीच देत नाही. ज्याच्या पैशावर गाडा चालतो त्याचे मन राखले जाते, हा संसाराचा नियम आहे. चांगल्या बातमीसाठी वर्षाला चार पैसे मोजायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

आपली स्मरणिकाही जाहिरातींवरच निघते. पण सराफाची जाहिरात सराफाच्या नावानेच, चौकटीत असते. ती लेख म्हणून कुणी वाचत नाही. आणि आत संपादक मंडळाची नावे असतात, एक काना चुकला तरी आरतीच्या वेळी गाठून जाब विचारता येतो. एवढा साधा नियम आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटालाही लावू या. जो बातमी टाकेल त्याने ती कुठून घेतली आणि केव्हाची आहे हे खाली लिहावे. विचारले तर राग मानू नये. खोटी निघाली तर त्याच गटावर तसे सांगावे. आपल्या घरची मुले आपलेच पाहून शिकतात.

 गणपती बाप्पा मोरया!