कचेरीतली ध्यानाची खोली

(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



रंगूनच्या महालेखापाल कार्यालयात 1950 साली एक वेगळीच सोय झाली. जमाखर्चाच्या वह्या आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप यांच्या शेजारीच कर्मचाऱ्यांना ध्यान शिकता यावे, अशी व्यवस्था करण्यात आली. ती करणारे गृहस्थ भिक्षू नव्हते, ते त्या खात्याचे प्रमुखच होते. ऊ बा खिन हे त्यांचे नाव. ते याच खात्यात कारकून म्हणून रुजू झाले होते आणि 4 जानेवारी 1948 रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा त्या देशाचे पहिले महालेखापाल झाले. मधल्या काळात, 1937 मध्ये, सया तेजी नावाच्या एका शेतकरी गृहस्थाकडून ते विपश्यना शिकले होते. हिशेबतपासनीसाचा गुरू शेतकरी, हा योग मोठा बोलका आहे. दोघेही गृहस्थच होते.

‘कामाच्या ठिकाणचे मनःस्वास्थ्य’ हा विषय आज नवा वाटतो. मोठमोठ्या कंपन्या त्यासाठी शिबिरे भरवतात, डोंगरमाथ्यावरची विश्रामगृहे आरक्षित करतात. त्या तुलनेत रंगूनच्या त्या कचेरीची कथा साधी आहे, पण तिच्यात एक गोष्ट ठळक दिसते. साहेबांनी हाताखालच्यांना ध्यानाला पाठवले नाही. ते स्वतः आधी बसले आणि मग इतरांसाठी जागा केली. कामही सैल पडू दिले नाही. निवृत्तीचे वय झाल्यावरही सरकारने त्यांना सोडले नाही. एकाच वेळी अनेक खात्यांचा भार सांभाळून 1967 पर्यंत ते सेवेत राहिले. ध्यान करणारा माणूस कामचुकार होतो, ही शंका त्यांच्या सेवापुस्तिकेपुढे टिकत नाही.

त्यांच्याकडे 1955 साली एक तरुण भारतीय उद्योजक आला, सत्यनारायण गोएंका. अर्धशिशीने तो हैराण होता. दुखणे थांबवण्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत आणि परदेशी डॉक्टरांचे उपचारही थकले होते. ऊ बा खिन यांनी त्याला प्रथम नकार दिला. डोकेदुखीचे औषध म्हणून ही साधना देता येणार नाही, मनाची मलिनता दूर करायची असेल तर ये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे अर्धशिशी गेली, पण ती ओघात गेली. आजच्या ‘ताणमुक्ती शिबिरां’च्या जाहिराती वाचताना हा नकार आठवण्याजोगा आहे.

हेच गोएंका 1969 मध्ये भारतात आले. मुंबईत पहिले शिबिर झाले आणि 1976 पासून इगतपुरीची टेकडी या साधनेचे प्रमुख स्थान बनली. दहा दिवसांचे हे शिबिर म्हणजे सहल नव्हे. पहाटे चारला घंटा होते. रात्री साडेनऊपर्यंतच्या दिवसात दहा तासांच्या आसपास बैठक असते. मोबाइल, पुस्तक, लेखणी सारे आरंभीच जमा करावे लागते. नऊ दिवस मौन. पहिले साडेतीन दिवस केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहायचे, मग देहावरच्या संवेदनांकडे, आणि हवे-नकोचा प्रतिसाद न देता. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर पुढच्यांचे भागते. दिवसभर हुकूम सोडणाऱ्या अधिकाऱ्याला तिसऱ्या दिवशी कळते, की स्वतःचे मन आपला एकही हुकूम ऐकत नाही. ही ओळख त्या शिबिराची खरी कमाई म्हणावी लागेल.

सरकारी कामकाजातही ही वाट आली, आणि पुन्हा वरून आली. राजस्थानचे तत्कालीन गृहसचिव राम सिंह यांनी आधी स्वतः शिबिर केले. मग 1975 मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात शिबिर भरले. एप्रिल 1994 मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक बंदी एकत्र बसले. त्या वेळी किरण बेदी तेथे महानिरीक्षक होत्या. बंदी हा बातमीचा विषय झाला. पहारेकऱ्यांचा ताण मात्र कोणाला फारसा दिसत नाही. वास्तविक तुरुंग ही त्यांची कचेरी असते.

तरीही शिबिराकडून भलती अपेक्षा करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तीत तो आजार नसून नीट न हाताळलेल्या, दीर्घकाळच्या कामाच्या ताणातून उद्भवणारी अवस्था आहे असे म्हटले. म्हणजे मूळ कामात आहे. तिघांचे काम एकावर टाकून त्याला डोळे मिटून बसायला सांगणे, ही मनःशांती नव्हे, ती लबाडी आहे. काही कंपन्यांच्या सहलीत दिवसा खेळ, संध्याकाळी विक्रीचे आकडे आणि रात्री साहेबांचे संदेश, असा बेत असतो. त्याला चिंतन म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय प्रदीर्घ मौन प्रत्येकाला मानवत नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय तिकडे वळू नये. अशी माहिती प्रवेशअर्जात विचारली जाते, ती लपवू नये.

दहा दिवस घर किंवा दुकान सोडणे किती जणांना शक्य आहे, हाही प्रश्न उरतोच. लहान मुलांच्या आईला ते जवळजवळ अशक्य असते, आणि शिबिरांच्या चर्चेत तिचा विचार क्वचितच होतो. तिच्यासाठी बारा दिवस घर सांभाळणारा नवराच प्रथम हवा. ज्यांना जाता येते, त्यांच्या कचेरीने त्या काळातले काम दुसऱ्याकडे रीतसर सोपवले पाहिजे; नाहीतर परतणाऱ्याच्या स्वागताला टेबलावर बारा दिवसांचा ढीग तयार असतो. छोट्या जागीही काही करता येते. आठवड्यातून अर्धा तास, फोन बाजूला ठेवून, आठवड्यात काय चुकले आणि कोणाला उगाच दुखावले याची नोंद करणे. बैठकीच्या आरंभी दोन मिनिटे शांत बसणे. शाळेच्या प्रार्थनेनंतरचे मौन ज्यांच्या अंगवळणी पडले होते, त्यांना यात नवे काही शिकायचे नाही.

शिबिराच्या दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटते. माणसे आधी हळू, मग एकदम मोठ्याने बोलू लागतात. अकराव्या दिवशी पहाटेच्या बैठकीनंतर जमा केलेल्या वस्तू परत मिळतात, आणि खिडकीपुढे रांग लागते. मोबाइल हातात येताच काही जण तो लगेच सुरू करतात. काही जण तो तसाच पिशवीत टाकून चहाला जातात.