बोट हाच रस्ता



महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघांत पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा. त्यातलं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र मणिबेलीचं, नर्मदेच्या काठावरचं. निवडणूक आली की या भागात मतदान यंत्रं आणि कर्मचारी बोटीनं निघतात, त्यांचे लाइफ जॅकेट घातलेले फोटो वर्तमानपत्रांत येतात. निकाल लागले की ती बोट सगळ्यांच्या नजरेआड होते. मणिबेली, चिमलखेडी, डनेल, भूषा या गावांना मात्र ती रोज लागते. आज त्या रोजच्या बोटीविषयी बोलायचं आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदेनं आखलेली आहे. पलीकडे गुजरात आणि मध्य प्रदेश. पूर्वी नदी खाली दरीत वाहायची आणि अक्कलकुवा-धडगावची ही गावं तिच्या काठानं, ओढ्यांच्या कडेनं पसरलेली होती. माणसं काठाकाठानं पायी जायची, डोंग्यानं पल्याड जायची. मग गुजरातेत केवडियाजवळ सरदार सरोवर धरण उभं राहिलं. १९९३ पासून पाणी गावांत शिरू लागलं. धरणाची उंची टप्प्याटप्प्यानं वाढत १३८.६८ मीटरवर गेली आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली आली. बरीच कुटुंबं तळोदा-शहादा भागातल्या वसाहतींत गेली. जी डोंगरावर वर सरकून राहिली, त्यांच्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. ओढ्यांच्या दऱ्यांत पाणी घुसलं, शेजारचा पाडा समोर दिसतो पण चालत जाता येत नाही. सातपुड्याच्या या उतारांवर बऱ्याच ठिकाणी बारमाही रस्ते नाहीत. काही गावांना जीपगाडीनं जायचं तर गुजरातेतून वळसा घालावा लागतो. म्हणून बोट.

या बोटीत रेशनचं धान्य असतं, मिठाची पोती असतात, बाजाराला निघालेल्या शेळ्या आणि कोंबड्या असतात. महुफुलं आणि आमचूर असतं. शाळेचे मास्तर असतात, सासरी निघालेली मुलगी असते, आणि कधी बांबूच्या झोळीतून काठापर्यंत आणलेला रुग्ण असतो. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स याच पाण्यावर फिरते. इथल्या पोराला सायकलच्या आधी वल्हं हातात येतं.

बोटीवरचं जगणं दुसरीकडेही आहे. इंग्लंडमध्ये कालव्यांवर बोटींतच संसार थाटून राहणारी हजारो माणसं आहेत. त्यांच्या बऱ्याच बोटी जेमतेम ७ फूट रुंद, कारण अठराव्या शतकात कोळसा नि माल वाहण्यासाठी हे कालवे खोदले तेव्हा बऱ्याच ठिकाणी बोटी चढवण्या-उतरवण्याच्या कोठ्या, म्हणजे लॉक, तेवढ्याच रुंदीचे बांधले. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत. आत चूल, पलंग, बॅटऱ्या, छतावर सौर पट्ट्या. ठरलेल्या नळांवर टाकी भरायची, ठरलेल्या जागी संडासाची टाकी रिकामी करायची. कायमचा धक्का नसेल तर एका जागी साधारण १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे चालणाऱ्या माणसाइतकीच. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग सांभाळायला एक स्वतंत्र संस्था आहे. एखादा लॉक दुरुस्तीला काढायचा असेल तर ती आधी जाहीर करते.

आपल्या पाण्याशी याची तुलना करायला मला एका कारणासाठी आवडतं. त्या कालव्यातलं पाणी बोटीसाठी ठेवलेलं आहे. उथळ आहे, बहुतेक ठिकाणी पडलेला माणूस उभा राहू शकतो. पातळी ठरावीक ठेवलेली असते, म्हणून काठ आज जिथे आहे तिथेच उद्या असतो. आपल्याकडचं पाणी सिंचनासाठी आणि विजेसाठी अडवलेलं आहे. त्याची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, पाणी उपसण्याची नेहमीची किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे भर पावसाळ्यानंतर आणि भर उन्हाळ्यात काठामध्ये २८ मीटरचा उभा फरक पडू शकतो. नऊमजली इमारतीएवढा. बोटीला टेकायला एक जागा राहतच नाही. दिवाळीला जिथे बोट लागते, तिथून होळीला पाणी कितीतरी खाली गेलेलं असतं आणि मधल्या उतारावर गाळ उघडा पडलेला असतो. तो गाळ वरून सुकल्यासारखा दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. गरोदर बाई, डोक्यावर धान्य घेतलेली म्हातारी, सगळ्यांना त्यातून जावं लागतं. पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे आहेत. पाणी उतरलं की ते वर येऊ लागतात, आणि कुठे काय आहे हे नावाड्याला आठवणीवर ठेवावं लागतं. इतकं ज्ञान डोक्यात वागवणाऱ्या माणसाला आपण साधा नावाडी म्हणून सोडून देतो, हे मला खटकतं.

१५ जानेवारी २०१९, संक्रांतीचा दिवस. धडगाव तालुक्यात भूषा इथे नर्मदेच्या पूजेला गेलेल्या लोकांची बोट उलटली आणि त्यात माणसं बुडून मेली. माणसं अशी मेली की चार दिवस सगळे लाइफ जॅकेटविषयी बोलतात. पण जॅकेट बोटीत असणं आणि ते अंगावर असणं यात अंतर आहे. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं हवीत, ती प्रत्येक फेरीला हवीत, आणि किती माणसं बसवायची हे बोटीच्या अंगावर ठळक आकड्यात लिहिलेलं हवं.

२०२० साली, कोरोनाच्या भीतीनं लोक अंगणवाडीकडे येईनासे झाले तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी मच्छीमाराची छोटी होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत त्या अलीगाट, दादर या पाड्यांवर जाऊ लागल्या. सुमारे १८ किलोमीटरचं अंतर. तान्ह्या मुलांची वजनं, गरोदर बायांची तपासणी, पोषण आहार. त्यांचं कौतुक देशभर झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सरकारी काम करणाऱ्या बाईला होडी उसनी घ्यावी लागली. डोंगरातल्या सेविकेला रस्ता लागतो तशी इथल्या सेविकेला होडी लागते, ती कामाच्या साहित्यातच धरली पाहिजे.

खरं तर मागणं फार मोठं नाही. पाणी उतरेल तसा खाली सरकवता येईल असा तरंगता धक्का प्रत्येक मोठ्या गावाला हवा. गाळावर टाकायला फळ्यांची वाट हवी. बोटीला वेळापत्रक हवं, एसटीला असतं तसं, म्हणजे धडगावच्या दवाखान्यात निघालेल्या माणसाला काठावर दिवस काढावा लागणार नाही. नावाड्यांना प्रशिक्षण आणि विमा हवा. जलाशयात मासेमारी करणाऱ्या बुडितग्रस्तांना या पाण्याची नस ठाऊक आहे, त्यांच्यातूनच हे नावाडी घेता येतील.

आणि धरणातून पाणी सोडण्याची, पातळी चढण्या-उतरण्याची आगाऊ सूचना हवी. या पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळणं अवघड, रेडिओ मात्र डोंगरातही बोलतो. रोजच्या हवामानाच्या बातमीला जोडून नर्मदेची पातळी सांगायला अर्धं मिनिट पुरेल, मराठीत आणि पाठोपाठ भिलोरी-पावरीत. चिमलखेडीचा नावाडी ती ऐकूनच सकाळी बोट सोडेल.