गाणाऱ्या लेकीचा कागद

लोट्याहून आम्ही बोलतोय. भाकऱ्या आटोपून रेडिओजवळ बसला असाल, तर पाच मिनिटं आम्हाला द्या. आज हप्ता आणि बचत नाही, आज गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची गोष्ट.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी सुरेख गाते. आरत्या, भजनं, सिनेमाची गाणी, सगळं. बारावी झाली आणि तिला एका ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं. ताई बैठकीला आल्या त्या डोळे पुसतच. "रात-रात भायेर ऱ्हानार पोर, लोक काय म्हनतील?" आम्ही गप्प. कारण आमच्याही मनात तेच होतं.

मुलगी हुशार. वाद घातला नाही. पुढच्या बैठकीला मोबाईल घेऊन आली आणि एक इंग्रजी सिनेमा लावला. तो चालू असताना मराठीत सांगत गेली. सिनेमाचं नाव 'ऑलमोस्ट फेमस', म्हणजे जवळजवळ प्रसिद्ध. कॅमेरॉन क्रो यांनी तो 2000 साली काढला. हे गृहस्थ आधी संगीताचे पत्रकार. 1973 साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, 'रोलिंग स्टोन' या अमेरिकेतल्या मोठ्या नियतकालिकासाठी लिहू लागले. गिटार-ड्रमवाल्या रॉक बँडबरोबर गावोगाव फिरायचं आणि त्यांच्याबद्दल लिहायचं. पुढे तेच अनुभव त्यांनी सिनेमात घातले आणि त्या पटकथेला ऑस्कर मिळालं.

आम्हाला त्यात आवडली ती आई. कॉलेजात शिकवणारी, कडक. घरात रॉकची गाणी नकोत म्हणणारी. तरी मुलाला बँडबरोबर जाऊ देते आणि फोनवरून सारखी बजावत राहते, नशेच्या वाटेला जाऊ नकोस. काळजी सोडत नाही, पण दारही लावत नाही. ताई म्हणाल्या, "ही माज्यासारकीच की गो!" सगळ्या हसलो.

पण तो मुलगा होता. मुलीचं काय? तेव्हा आमच्यातल्याच एकीने गोव्याच्या लॉर्नाचं नाव काढलं. तिची बहीण मडगावला दिलेली. तिच्या घरी लॉर्नाची गाणी रोज वाजतात. 'बेबडो' हे तिचं गाजलेलं गाणं. बेबडो म्हणजे आपला बेवडा, अर्थ विचारावा लागला नाही!

लॉर्ना तरुणपणी मुंबईत ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर गाऊ लागली. पेरी ट्रंपेट वाजवायचे, चाली बांधायचे. दोघांनी मिळून कोंकणी गाणी घराघरांत पोचवली. मग दोघांचं बिनसलं आणि लॉर्ना गायचीच थांबली. तिने दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही, असा करार झाला होता, असं गोव्यात सांगतात. थोडीथोडकी नाही, वीसहून जास्त वर्षं तो गळा गप्प राहिला. 1995 साली ती पुन्हा मंचावर आली, तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

या दोघांवरून बार्द्रॉय बार्रेतो यांनी 'नाचुंया कुंपासार' हा कोंकणी सिनेमा केला. अर्थ, चला तालावर नाचूया. नावं बदललेली, पण गाणी त्या काळातलीच. 2015 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला आणि नायिका पालोमी घोष हिचा खास उल्लेख झाला. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत ट्रंपेट, व्हायोलिन वाजवणारे कितीतरी गोव्याचे होते. नाव पडद्यावर यायचं ते संगीतकाराचं. वाजवणारा मागेच राहिला. अशा लोकांची गोष्ट कुणीतरी लिहावी लागते, दाखवावी लागते, नाहीतर ती त्यांच्याबरोबरच जाते.

लॉर्नाची गोष्ट ऐकली आणि आमच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, "पोरीला कागद दिलाय का सही करायला?" दिला होता. मुलीने पिशवीतून काढला. मोठ्याने वाचला. तीन वर्षं दुसरीकडे गायचं नाही, असं त्यात होतं. एका कार्यक्रमाचे पैसे किती, ते कुठेच नव्हतं. रात्री घरी कोण पोचवणार, तेही नव्हतं.

मैत्रिणींनो, बँकेच्या कर्जाचा कागद आपण दहादा वाचतो, मग लेकीच्या गळ्याचा का नको? आम्ही चौघी तिच्याबरोबर गेलो. भांडलो नाही. चार गोष्टी लिहून मागितल्या. मानधनाचा आकडा, पैसे तिच्याच खात्यात, रात्रीची गाडी, आणि मुदत एका हंगामापुरती. थोडी कुरकुर झाली, पण लिहून मिळालं.

गणपतीत तिचा पहिला कार्यक्रम झाला. ताई पहिल्या रांगेत होत्या आणि आम्ही मागे. लोक काय म्हणाले? काहीजण बोललेच. पण मुलगी गायली तेव्हा तेही ऐकत होते.

तुमच्याही गावात अशी एखादी गाणारी, वाजवणारी असेल. तिला अडवू नका, एकटीही सोडू नका. कागद आला, तर गटात आणा. सगळ्यांसमोर वाचा. न कळलेला शब्द विचारा. सही त्यानंतर.